सारखीच चूक

पहिल्या तासाला मी नियम वाचून दाखवते.
खिडकीबाहेर ताळगावचं पठार, जुलैचं उंच गवत,
त्यात कुणाची तरी एकटी म्हैस.
साठातले पन्नास जण बाकाखाली मोबाइल चाळतात,
उरलेले दहा म्हशीकडे बघतात.

बोला, मी म्हणते. खुशाल बोला.
फळ्यावर बाण काढा, चौकोन काढा, भांडा,
कोंकणीत भांडा, मराठीत भांडा.
पण उठताना फळा पुसायचा.
वहीत उतरवायचं नाही, फोटो काढायचा नाही.
मग कॅन्टीनला जा, भाजी-पाव खा,
हात धुवा.
हात धुऊनही जे उरलं
ते तुमचं. ते लिहा.

उशिराचे तीन दिवस देते, अख्ख्या सत्रात मिळून.
एकदम उधळा, नाहीतर चतुर्थीसाठी राखून ठेवा.
दाखला आणू नका.
डॉक्टर कारापूरकरांची सही आता मलाही जमते.

सप्टेंबरात दोन फायली आल्या.
तन्वेश वेळीप, गावडोंगरी.
रॉयस्टन बार्रेटो, सांताक्रुझ.
दोन्हींत ‘बेरीज’चं ‘बेजीर’ झालेलं,
दोन्हींत फेरा एकदा जास्त फिरलेला,
दहा मोजायचे तर अकरा.

माझे बाबा डिचोलीला खाणीवर टॅली लिहायचे.
फाटकावर एक वही, जेटीवर दुसरी,
ट्रक जाईल तशी उभी रेघ, पाचवी आडवी.
आकडे जुळले नाहीत की मॅनेजर ओरडायचा.
बाबा मात्र घाबरायचे ते जास्तच जुळले की.
म्हणायचे, दोन्हीकडे एकच चूक दिसली
तर समज, मोजलं एकानेच.
खाण बंद पडली. वह्यांचं काय झालं
ते मी कधी विचारलं नाही.

दोघांना बोलावलं. एक-एकटं.
रॉयस्टन म्हणाला, चूक माझी, मॅडम.
तन्वेश म्हणाला, चूक माझी.
मग बराच वेळ बुटांकडे बघत:
लॅपटॉप एकच होता, त्याचा.
काणकोणची शेवटची बस सुटते, तिथून पुढे चालायचं असतं.
मी बोलत होतो, तो टाइप करत होता,
की उलट, आता आठवत नाही.

नियमांचा कागद माझ्यासमोर होता, दोन पानी.
चोरी नाकारणाऱ्यांसाठी त्यात चार कलमं आहेत.
चुकीवर दोघेही हक्क सांगतील
याचं एकही नाही.

दोघांना खोलीच्या दोन टोकांना बसवलं.
कोरा कागद, पेन, पाऊण तास.
वीज गेली, आली, पुन्हा गेली.
रॉयस्टनचं बरोबर आलं, नीटनेटकं, समासासकट.
तन्वेशचा फेरा आता नऊवरच थांबला होता.
मी ते तीनदा वाचलं.
ही चूक नवी होती.
ती रॉयस्टनच्या कागदात नव्हती, जुन्या फायलीत नव्हती,
वर्गात कुणाचीच नव्हती.

जुन्या फायलीला दोघांनाही शून्य दिलं.
नऊच्या फेऱ्याला दहापैकी सहा.
विभागप्रमुखांनी विचारलं, हे कुठल्या नियमात बसतं?
म्हटलं, लिहितेय.

कागदाच्या तळाशी पेनानेच लिहिलं:
ज्याच्यासोबत बसलात त्याचं नाव सगळ्यात वर लिहा.
आणि प्रयोगशाळेची किल्ली सहा वाजेपर्यंत
शिपाई सगुणबाबकडे राहील, ज्यांना यंत्र नाही त्यांच्यासाठी.
सगुणबाब म्हणाला, सहा नको, साडेपाच,
मलाही बस आहे.

पुढच्या सोमवारी तन्वेशची फाइल.
कामाच्या आठ ओळी. त्यांच्या वर पाच ओळी नुसत्या नावांच्या:
रॉयस्टनशी बोललो, फळ्यावर, फळा पुसला.
सगुणबाबने वीस मिनिटं जास्त दिली.
बसमध्ये कंडक्टरने विचारलं काय करतोस,
त्याला समजावताना अकरावा फेरा दिसला.
भाजी-पाव खाल्ला नाही, पैसे नव्हते.
हात धुतले.